विश्लेषण : काळी मारबत, राणी बाकाबाई आणि तेरा महिन्यांचे राजे अप्पासाहेब भोसले, इंग्रजी फौज नागपुरात कोणी आणली?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी मारबत, पिवळी मारबत, त्यांच्या मागेपुढे बडगे, आणि नेहरू पुतळा चौकात दोन्ही मारबतींची भेट. रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर घालवायची म्हणून शेवटी दहन. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची मानली जाते. या दिवशी मोबाइलवर जे व्हिडीओ फिरतात, त्यांच्याखाली हमखास एक ओळ असते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेल्या भोसले घराण्यातील राणी बाकाबाई.

ही फितुरी झाली कोणाशी? लोकसमजुतीतले उत्तर आहे, अप्पासाहेब भोसले यांच्याशी. इंग्रजांशी सीताबर्डीवर लढलेले नागपूरचे राजे. लढले हे खरेच आहे. पण घटना तारीखवार मांडल्या की गोष्ट वेगळी दिसू लागते. कंपनी सरकारची फौज कायमची नागपूरच्या वेशीवर आणून बसवणारा तह २७ मे १८१६ रोजी झाला. तो बाकाबाईंनी केला नव्हता. तो अप्पासाहेबांनी केला होता, आणि बाकाबाईंचा गट त्यावेळी त्यांच्या विरोधात होता.

मग राजा लढवय्या आणि राणी फितूर, अशी वाटणी कशी झाली? त्यासाठी अप्पासाहेबांचे आयुष्य सुरुवातीपासून पाहावे लागते.

अप्पासाहेब कोण होते?

त्यांचे मूळ नाव मुधोजी. जन्म १७९६ चा. वडील व्यंकोजी हे नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांचे धाकटे भाऊ. चांदा आणि छत्तीसगडचा कारभार व्यंकोजींकडे होता. म्हणजे अप्पासाहेब राजाचे पुतणे, गादीपासून एक पायरी दूर.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. नागपूरचे भोसले स्वतंत्रपणे राज्य करत असले तरी त्यांचा किताब होता सेनासाहेबसुभा. हा सेनानीचा किताब आहे. कागदोपत्री ते साताऱ्याच्या छत्रपतींचे सरदार, आणि पहिल्या रघुजींनी तलवारीच्या जोरावर बंगालच्या सीमेपर्यंत मुलूख मिळवला तो याच नात्याने. त्यामुळे नागपूरच्या गादीवर बसणारा माणूस एकाच वेळी राजाही असे आणि सेनापतीही. निदान तशी अपेक्षा असे.

दुसऱ्या रघुजींच्या काळात या अपेक्षेला मोठा तडा गेला. १८०३ च्या युद्धात २९ नोव्हेंबरला आडगावला मराठी फौजेचा पराभव झाला. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. नागपुरात इंग्रजांचा रेसिडेंट राहू लागला. १८०७ पासून हे पद रिचर्ड जेनकिन्सकडे होते.

एवढे होऊनही रघुजींनी एक गोष्ट मरेपर्यंत मान्य केली नाही, ती म्हणजे तैनाती फौज. तैनाती फौज म्हणजे तुमच्या राज्यात कंपनीची पलटण राहणार, तिचा खर्च तुम्ही देणार, आणि परराष्ट्राचे व्यवहार कंपनीला विचारून करणार. आजच्या भाषेत, पहिला हप्ता भरल्यावर कधीच बंद करता न येणारे सबस्क्रिप्शन. निजामाने ते घेतले होते, पेशव्यांनी १८०२ मध्ये वसईला घेतले होते. रघुजी मात्र चर्चा करत, वेळ काढत, आणि सही टाळत. तेरा वर्षे त्यांनी हे निभावले.

व्यंकोजी १८११ मध्ये काशीला वारले. त्यानंतर वडिलांच्या जहागिरीवरून अप्पासाहेब आणि काका यांच्यात कटुता वाढत गेली. आपल्या हक्काचे आपल्याला मिळत नाही आणि मिळवून देईल तर रेसिडेंटच, हा धडा तरुण अप्पासाहेबांनी तेव्हाच घेतलेला दिसतो.

१८१६ : एका रात्रीचा तह

२२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघुजी वारले. गादीवर त्यांचा मुलगा परसोजी बसला. परसोजी शरीराने आणि मनाने अत्यंत दुर्बळ होता. दृष्टी नव्हती, स्वतः कारभार पाहणे शक्य नव्हते. म्हणजे प्रश्न असा होता की राजाच्या नावाने कारभार कोण करणार?

दोन गट पडले. एकीकडे रघुजींच्या राणी बाकाबाई आणि रघुजींचा दासीपुत्र धर्माजी भोसले. राजवाडा, परसोजी आणि खजिना यांच्या हातात होता. दुसरीकडे वीस वर्षांचे अप्पासाहेब, घराण्यातले सर्वांत जवळचे वारस. परसोजीला मूल नव्हते, त्यामुळे पुढची गादीही त्यांचीच ठरत होती.

अप्पासाहेबांनी वेगाने हालचाल केली. एप्रिलमध्ये धर्माजीला कैद झाली आणि कारभार अप्पासाहेबांच्या हाती आला. मे महिन्यात धर्माजीचा कैदेतच खून झाला. पण राजवाड्यात आणि फौजेत विरोधक उरलेच होते. कारभारी म्हणून आपण टिकू याची त्यांना खात्री वाटत नव्हती.

जेनकिन्सला हवी होती तीच ही वेळ. त्याने आणि अप्पासाहेबांच्या विश्वासातल्या नागोपंत आणि नारायण पंडित यांनी बोलणी केली. २७ मे १८१६ च्या रात्री, राजवाड्यातल्या विरोधी गटाला पत्ता लागू न देता, तहावर सही झाली. कंपनीच्या पायदळाच्या सहा पलटणी आणि घोडदळाची एक पलटण नागपूर राज्यात राहणार. त्यांच्या खर्चासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये. त्याखेरीज भोसल्यांनी स्वतःच्या खर्चाने तीन हजार स्वार आणि दोन हजार पायदळ इंग्रजांच्या मदतीला सज्ज ठेवायचे.

रघुजींनी तेरा वर्षे जे टाळले ते त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोन महिन्यांत झाले. जूनमध्ये फौज दाखल झाली. तहात परराष्ट्र, संरक्षण अशी मोठी कलमे होती. पण अप्पासाहेबांची गरज खूप लहान आणि घरगुती होती. त्यांना वाड्यातल्या लोकांपासून आपली खुर्ची वाचवायची होती.

परसोजीचा मृत्यू

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत सापडला. अप्पासाहेब त्यावेळी नागपुरात नव्हते, चांद्याला होते. मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगण्यात आले. परसोजीची पत्नी सती गेली. जेनकिन्सला संशय होता, पण त्यावेळी त्याने तो ताणून धरला नाही. तहाचा मित्र गादीवर येत होता.

पुढे अप्पासाहेब कैदेत गेल्यानंतर हा खून होता, गळा दाबून मारले आणि तो अप्पासाहेबांच्या सांगण्यावरून झाला, असे जबाब इंग्रजांनी गोळा केले. हे जबाब कोणी आणि कधी घेतले हे लक्षात ठेवायला हवे. राजाला हटवायचे ठरल्यावर त्याच्यावरचे आरोप गोळा करणे कंपनीच्या सोयीचेच होते. तरीही बहुतेक इतिहासकारांनी हा खूनच मानला आहे. अप्पासाहेबांना नायक करताना धर्माजी आणि परसोजी ही दोन नावे सहसा वगळली जातात. ती वगळून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

२१ एप्रिल १८१७ रोजी अप्पासाहेबांचा राज्याभिषेक झाला. वय २१.

मग इंग्रजांविरुद्ध का गेले?

कारण ज्या कामासाठी फौज आणली होती ते काम संपले होते. धर्माजी नाही, परसोजी नाही, दुसरा वारस नाही. उरला होता तो खर्च आणि प्रत्येक गोष्टीत रेसिडेंटची परवानगी. स्वतःच्या पाच हजारांच्या फौजेचाही हिशेब जेनकिन्स तपासू लागला होता. दरबारात तहाचा गट आणि पुण्याचा गट असे दोन तट पडले, आणि पुण्याचा गट वरचढ ठरत गेला.

पुण्यात दुसरे बाजीराव पेशवे जून १८१७ मध्ये आणखी एका अपमानास्पद तहात अडकले होते आणि सुटायची वाट शोधत होते. त्यांची आणि अप्पासाहेबांची गुप्त पत्रे सुरू झाली. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पेंढाऱ्यांविरुद्ध लाखाहून मोठी फौज मध्य भारतात उतरवली. नागपूरच्या तैनाती फौजेचा मोठा भागही त्या मोहिमेत नर्मदेकडे गेला. नागपुरात थोडेच सैनिक उरले.

५ नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. ती पेशव्यांनी जिंकली नाही. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. अप्पासाहेबांची वेळ चुकली ती इथे. मदत करायची तर पुणे पडण्याआधी करायला हवी होती. थांबायचे तर पुणे पडल्यावर थांबायला हवे होते. त्यांनी दोन्ही केले नाही.

२४ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी भरदरबारात पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनापती हा किताब स्वीकारला. जेनकिन्सला समारंभाचे बोलावणे होते. तो गेला नाही. इंग्रजांशी युद्ध पुकारलेल्या पेशव्यांचा सेनापती होणे याचा अर्थ दोन्ही बाजूंना कळत होता.

सीताबर्डी : अठरा तास

आज मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर उतरून वर पाहिले की किल्ल्याची टेकडी दिसते. १८१७ मध्ये तिथे किल्ला नव्हता. दोन उघड्या खडकाळ टेकड्या होत्या, मध्ये खोलगट पट्टा. एक मोठी, एक लहान. पश्चिमेला रेसिडेन्सी, पूर्वेला शहराच्या बाजूने टेकडीच्या पायथ्यापर्यंत आलेली झोपड्यांची वस्ती.

लढाईचा निकाल समजायला हा नकाशा पुरेसा आहे. लहान टेकडी मोठीपासून बंदुकीच्या टप्प्यात आहे. ती ज्याच्या हातात, त्याला मोठ्या टेकडीवरच्या माणसांना टिपता येते. आणि दोन्ही टेकड्या ज्याच्या हातात त्याला खालची रेसिडेन्सी वाचवता येते. खडक इतका कठीण की घाईत खंदक खणणे अशक्य. कर्नल स्कॉटच्या सैनिकांनी धान्याची पोती वगैरे मिळेल ते रचून आडोसा केला.

स्कॉटकडे मद्रास पायदळाच्या दोन पलटणी, बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या आणि काही तोफा, असे सुमारे १,४०० लोक होते. अप्पासाहेबांकडे सुमारे १८ हजार आणि ३६ तोफा. यातले तीन-चार हजार अरब. दख्खनच्या दरबारांत त्या काळी भाडोत्री अरब शिपाई असत. पगार इतरांपेक्षा जास्त आणि लढण्याची ख्याती मोठी. नागपूरच्या फौजेतले सर्वांत कडवे लोक हेच होते. सरदारांमध्ये मनभट आणि गणपतराव सुभेदार ही नावे ठळक होती.

एक बाब सहसा सुटते. टेकडीवरचे बहुसंख्य शिपाई भारतीय होते. मद्रास आणि बंगालकडचे. खालून चढणारे अरब, मराठे, हिंदुस्थानी. इंग्रज होते ते मुख्यतः अधिकारी.

२६ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. मुख्य जोर लहान टेकडीवर होता. वस्तीच्या झोपड्यांचा आडोसा घेऊन अरब पुढे येत आणि मागे रेटले जात. रात्री दोनपर्यंत हे चालले. त्यानंतर गोळीबार मंदावला. पहाटे पुन्हा तोफा सुरू झाल्या.

सकाळी लहान टेकडीवर इंग्रजांच्याच दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. त्या गोंधळात अरबांनी चढाई करून टेकडी घेतली. तिथली तोफ त्यांनी मोठ्या टेकडीकडे वळवली आणि तिच्या माऱ्यात इंग्रजांचे अधिकारी आणि शिपाई पडू लागले. खाली मैदानात भोसल्यांचे घोडदळ रेसिडेन्सीच्या दिशेने सरकत होते. जेनकिन्सचा पहिला साहाय्यक सॉदबी मारला गेला. या क्षणी नागपूर अप्पासाहेबांचे होते असे म्हटले तर चूक होणार नाही.

हा क्षण फार टिकला नाही. रेसिडेन्सीजवळ थांबलेल्या कॅप्टन फिट्झगेराल्डने, तसा हुकूम नसताना, आपले तीनएकशे स्वार घेऊन समोरच्या घोडदळावर हल्ला चढवला. समोरची फळी फुटली, दोन तोफा हाती लागल्या आणि त्याच तोफा त्याने मागे हटणाऱ्यांवर वळवल्या. टेकडीवरून हे सगळे दिसत होते. तेवढ्यात लहान टेकडीवर अरबांच्या बाजूला दारूचा स्फोट झाला. इंग्रजांच्या शिपायांनी संगिनी लावून ती टेकडी परत घेतली. दुपारी बारापर्यंत लढाई संपली होती. कंपनीचे ३६७ लोक ठार वा जखमी झाले, म्हणजे दर चार जणांमागे एक.

१८ हजारांची फौज १,४०० कडून का हरली? शिस्त, कवायत, ही नेहमीची उत्तरे आहेत आणि ती चुकीची नाहीत. पण आकड्यांचा आणखी एक अर्थ आहे. अरब जेव्हा टेकडीवर पोहोचले, तेव्हा त्यांच्या मागून ती टेकडी भरून टाकणारे दुसरे कोणी आले नाही. मैदानातले हजारो स्वार तीनशे स्वारांसमोर पांगले. राजा सेनापतीचा किताब घेऊन दोनच दिवस झाले होते. लढायचे की नाही यावर दरबार महिनाभर भांडत होता. अशा फौजेतले किती लोक खरोखर लढायला आले होते, हा प्रश्न उरतो.

शरणागती, सक्करदरा आणि जुम्मा दरवाजा

लढाईनंतर अप्पासाहेबांनी वकील पाठवून झाल्या गोष्टीबद्दल खेद कळवला. हल्ला आपल्या हुकमाने झाला नाही, अशी त्यांची भूमिका होती. यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. जेनकिन्सने फक्त वेळ काढला, कारण मदत वाटेत होती. २९ नोव्हेंबरपासून कुमक येऊ लागली आणि १२ डिसेंबरला वऱ्हाडाकडून जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन पोहोचला.

१६ डिसेंबरला सकाळी अप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्यांची फौज मात्र झाली नाही. तोफा ताब्यात घ्यायला गेलेल्या डव्हटनवर सक्करदऱ्याच्या बाजूने मारा झाला आणि तिथे दुसरी लढाई झाली. ती इंग्रजांनी जिंकली. गणपतराव सुभेदार स्वारांसह निसटले आणि पुढे पेशव्यांना जाऊन मिळाले.

राजा शरण, मैदान गेलेले, तरी अरबांनी शहर सोडले नाही. महालात आणि राजवाड्याच्या परिसरात ते ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, हल्ला केला आणि तो साफ फसला. शेवटी वाटाघाटी झाल्या. ३० डिसेंबरला अरब आपली बायकामुले आणि सामान घेऊन सुरक्षित बाहेर पडले. नागपूर शहर शेवटपर्यंत लढवले ते ज्यांचे इथे ना घर होते ना वतन अशा लोकांनी. त्यांच्या नावाचा साधा चौकही शहरात नाही.

पुन्हा राजा, मग कैदी

जानेवारी १८१८ मध्ये जेनकिन्सने अप्पासाहेबांना परत गादीवर बसवले. अटी कडक होत्या. नर्मदेच्या खोऱ्यातला मुलूख, वऱ्हाडातला उरलेला हिस्सा, गाविलगड आणि नरनाळा, सरगुजा आणि जशपूर, हे सगळे कंपनीला. सीताबर्डीच्या टेकड्याही कंपनीला, तिथे किल्ला बांधण्याच्या मुभेसह. कारभार रेसिडेंटच्या सल्ल्याने. राजाने राहायचे शहरात, इंग्रजी पहाऱ्यात.

पण पेशवे अजून पकडले गेले नव्हते आणि चांद्याच्या दिशेने येत होते. अप्पासाहेबांनी त्यांच्याशी पुन्हा संधान बांधले. किल्लेदारांना किल्ले सोडू नका असे निरोप गेले, गोंड राजांना उठण्याचे निरोप गेले. १५ मार्च १८१८ रोजी जेनकिन्सने त्यांना राजवाड्यात अटक केली. १ फेब्रुवारी १८१७ पासून मोजले तर सत्ता साडेतेरा महिने टिकली.

उशी, शिपायाचा वेश आणि महादेवाचे डोंगर

३ मे रोजी अप्पासाहेबांना अलाहाबादच्या कैदेकडे पाठवण्यात आले. सोबत कॅप्टन ब्राऊनच्या हाताखाली पहारा. जबलपूरच्या वाटेवर रायचूर नावाच्या गावी मुक्काम पडला. १२-१३ मेच्या रात्री पहाऱ्यावरच्या काही शिपायांना फोडून, शिपायाच्याच वेशात अप्पासाहेब तंबूतून निघून गेले. बिछान्यावर उशी ठेवली होती आणि सेवक धनी झोपले आहेत अशा थाटात ती चेपत बसले होते. अधिकाऱ्याने आत डोकावून खात्री केली आणि तो निश्चिंत परतला. सकाळी कळले तेव्हा बरेच अंतर पडले होते. त्यांच्यासोबत पहाऱ्यावरचे शिपाईही पळाले होते.

माझ्या मते अप्पासाहेबांचे खरे सेनापतीपण सुरू होते ते इथून. गादी गेल्यावर. पचमढीच्या महादेव डोंगरात हर्रईचा गोंड राजा चैनशाह याने त्यांना आसरा दिला. गोंड आणि कोरकू सरदार जमले, विखुरलेले अरब आले. जुलै १८१८ मध्ये मुलताईच्या बाजूला कॅप्टन स्पार्क्सची शंभरएक शिपायांची तुकडी अरबांनी कापून काढली. बैतूल, मुलताई या पट्ट्यात काही महिने कंपनीचा अंमल नावापुरता उरला. सीताबर्डीला १८ हजार घेऊन जे साधले नाही, ते थोडक्या माणसांनी आणि जंगलाने साधले. इंग्रजांनी त्यांना पकडण्यासाठी मोठे इनाम लावले. डोंगरातल्या एकाही सरदाराने ते घेतले नाही.

फेब्रुवारी १८१९ मध्ये तीन बाजूंनी फौजा डोंगरात शिरल्या, तेव्हा अप्पासाहेब पेंढारी सरदार चितू याच्यासोबत असीरगडाकडे निसटले. चितूला गडात आसरा मिळाला नाही. जवळच्या जंगलात वाघाने त्याला मारले. शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड याने अप्पासाहेबांना मात्र आत घेतल्याचे मानले जाते. इंग्रजांनी वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ ला असीरगड घेतला. आत अप्पासाहेब नव्हते.

पुढची वीस वर्षे थोडक्यात सांगता येतात, कारण त्यांत घडले थोडे. फकिराच्या वेशात ते पंजाबात पोहोचले. रणजितसिंहांनी लाहोरला काही काळ राहू दिले, पण कंपनीशी वाकडे घेतले नाही. मग हिमालयातल्या मंडी संस्थानात. तिथून राजस्थानात, जोधपूरला. महाराजा मानसिंह यांनी त्यांना महामंदिरात आश्रय दिला. कंपनीने त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली, मानसिंहांनी शरण आलेल्याला देणार नाही असे कळवले. १५ जुलै १८४० रोजी जोधपुरातच अप्पासाहेबांचे निधन झाले. वय ४४. नागपूर त्यांना पुन्हा दिसले नाही.

मग बाकाबाईंनी काय केले?

अप्पासाहेबांना हटवल्यावर जून १८१८ मध्ये दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, नऊ-दहा वर्षांचा बाजीबा, दत्तक घेऊन तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवण्यात आला. बाकाबाई त्याच्या पालक झाल्या. प्रत्यक्ष कारभार जेनकिन्सने पाहिला. म्हणजे अप्पासाहेब डोंगरात लढत असताना बाकाबाई इंग्रजांनी बसवलेल्या राजवटीच्या प्रमुख होत्या. लोकांच्या मनात राहिले ते हेच.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी औरस मुलाविना वारले. डलहौसीने दत्तक नाकारला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेले, हत्ती-घोडे विकले गेले. या वेळी बाकाबाईंनी जोरदार विरोध केला, अर्ज पाठवले, दागिने बाहेर नेण्याला हरकत घेतली. तीन वर्षांनी, १३ जून १८५७ च्या रात्री, टाकळीच्या रिसाल्याने उठावाचा बेत केला, तेव्हा मात्र म्हाताऱ्या बाकाबाईंनी घराण्यातल्या लोकांना आणि मानकऱ्यांना इंग्रजांविरुद्ध न जाण्याची ताकीद दिली. उठाव फसला. १८५८ मध्ये त्या वारल्या. दोन वर्षांनी घराण्याला देऊरचे राजेबहादूर हा किताब आणि पेन्शन मिळाली. ही इंग्रजांशी निष्ठा राखल्याची किंमत होती, असे म्हणता येईल.

१८५७ मधली ही भूमिका आणि १८१८ मधले पालकपद, या दोन गोष्टी बाकाबाईंच्या खात्यावर आहेत. १८१६ चा तह नाही. तो त्यांना टाळून केलेला होता. पण मारबत निघू लागली १८५७ नंतर अवघ्या चोवीस वर्षांनी. तेव्हा १८५७ आठवणारे लोक इतवारीत जिवंत होते, १८१६ ची ती रात्र आठवणारे जवळपास कोणी नव्हते. आरोप ताज्या आठवणीवरून झाला आणि मागच्या सगळ्या नुकसानीचे बिल त्याच नावावर फाटले. त्यात ती विधवा, वाड्यातली, कारभारात दखल देणारी बाई. पुतळा करायला असे नाव सोपे जाते. चुलतभावाच्या खुनाचा आरोप असलेला पुरुष हरून डोंगरात गेला की त्याचे वीर होणेही तितकेच सोपे.

आज काय पाहता येते?

सीताबर्डीचा किल्ला इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. तो सैन्याच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच सर्वांसाठी उघडतो. त्या दिवशी गर्दी असते, सकाळी लवकर गेलेले बरे. वर गेल्यावर दोन्ही टेकड्यांमधले अंतर डोळ्यांनी मोजता येते, आणि लहान टेकडीसाठी एवढी झुंज का झाली ते समजते. पायथ्याला टेकडी गणेश मंदिर आहे. महालात गांधी गेट उभा आहे, त्याच्या कमानीखालून रोज हजारो दुचाक्या जातात. २४ डिसेंबर १८१७ चा हल्ला याच दरवाज्यावर परतवला गेला, हे सांगणारा फलक तिथे असता तर बरे झाले असते. सक्करदऱ्याचा तलाव आणि बाजार सर्वांना माहीत आहे. तिथल्या लढाईची तारीख लक्षात ठेवायची तर १६ डिसेंबर.